पण, प्रहार आणि सभिक : मुष्टियुद्ध व जुगार यांविषयीच्या इंग्लंडमधील नैतिक निर्णयांचा इतिहास

१

पणावर खेळल्या जाणाऱ्या खेळांचे धर्मशास्त्रकारांनी दोन वर्ग केले आहेत. फासे, शलाका इत्यादी निर्जीव साधनांनी जो खेळला जातो तो द्यूत, आणि सजीव प्राण्यांच्या झुंजीवर पण लावून जो खेळला जातो तो समाह्वय. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात हा भेद सांगितलेला असून अठरा व्यवहारपदांच्या गणनेत दोहोंना मिळून एकच स्थान दिलेले आहे. याज्ञवल्क्यानेही द्यूताचाच विधी समाह्वयास लागू केला आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत ग्रंथरचना करणाऱ्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत समाह्वयाचे विवरण करताना मेंढे व रेडे यांच्या जोडीला मल्लांचाही निर्देश केला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पणाच्या दृष्टीने पाहिले असता मनुष्याची झुंज आणि फाशांचा डाव यांत शास्त्रकारांस तात्त्विक अंतर वाटले नाही.

आधुनिक काळात मात्र या दोन गोष्टी एकमेकींपासून दूर गेल्या आहेत. मुष्टियुद्ध हा क्रीडाप्रकार मानला जातो, तर जुगार हे व्यसन किंवा फार तर परवाना घेऊन चालविलेला धंदा मानला जातो. या दोहोंपैकी अधिक निंद्य कोणते, असा प्रश्न नीतिशास्त्राच्या चर्चेत वारंवार निघतो. एक पक्ष म्हणतो, मुष्टियुद्धात प्रतिपक्ष्याच्या शरीरास इजा करणे हेच साध्य असते, म्हणून ते अधिक गर्ह्य. दुसरा पक्ष म्हणतो, मुष्टियोद्धा आपली जोखीम डोळसपणे पत्करतो. जुगारी मात्र आपल्या विरुद्ध आधीच ठरलेल्या हिशेबाशी खेळत असतो, म्हणून जुगाराचा धंदा अधिक गर्ह्य. या वादाचा निर्णय केवळ तत्त्वचर्चेने होणे कठीण आहे. हे दोन्ही व्यवहार जेथे एकाच मुळातून वाढले, कायद्याने जेथे ते वेगळे केले आणि जेथे त्यांचे लेख विपुल उपलब्ध आहेत, त्या इंग्लंडचा १७४३ पासूनचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहावा, असा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

तपासणीसाठी एक संज्ञा आपल्याच शास्त्रातून घेणे सोयीचे होईल. याज्ञवल्क्याच्या द्यूतप्रकरणात खेळणाऱ्यांखेरीज ‘सभिक’ नावाची व्यक्ती येते. सभिक म्हणजे द्यूतसभा चालविणारा. तो स्वतः फासे टाकीत नाही. जिंकलेल्या पणातून शेकडा पाच किंवा दहा असा वाटा घेतो, राजाचा भाग राजाला देतो आणि हरलेल्याकडून वसूल करून जिंकणाऱ्यास त्याचे धन मिळवून देतो. डाव कोणाच्याही बाजूने पडो, सभिकाचा वाटा चुकत नाही. इंग्लंडमधील कायद्याने आणि लोकमताने खेळणाऱ्यांविषयी अनेक वेळा मत बदलले. सभिकाकडे मात्र त्यांची दृष्टी फार उशिरा वळली, असे या इतिहासावरून दिसून येते.

२

इंग्लंडमध्ये मुष्टियुद्धाचे पहिले लिखित नियम जॅक ब्रॉटन याने १७४३ च्या ऑगस्टमध्ये आपल्या लंडन येथील रंगभूमीसाठी केले. प्रतिस्पर्धी जॉर्ज स्टीव्हन्सन याच्या मृत्यूने व्यथित होऊन त्याने ते रचले, अशी परंपरा आहे. पडलेल्या माणसाला मारू नये, कमरेखाली धरू नये, पडलेल्यास अर्ध्या मिनिटात उभे राहण्याची संधी द्यावी, असे हे नियम आहेत. त्यांची संख्या अवघी सात. त्यांतील सहाव्या नियमाकडे मात्र मुष्टियुद्धाच्या इतिहासकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. दुय्यम सामन्यांत जमलेल्या पैशाचा दोनतृतीयांश भाग विजेत्यास मिळावा, आणि खाजगीत काहीही ठरले असले तरी ही वाटणी मंचावर सर्वांसमक्ष व्हावी, असे तो नियम सांगतो. दोन योद्ध्यांनी आधीच संगनमत करून पैसा समान वाटून घेतला, तर झुंजीत जीव उरणार नाही आणि तिच्यावर लावलेल्या पैजा निरर्थक होतील, ही भीती या नियमामागे उघड दिसते. सात नियमांपैकी काही योद्ध्याच्या रक्षणासाठी आहेत आणि किमान एक पैज लावणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे. इंग्रजी मुष्टियुद्धाच्या जन्मकाळीच या दोन हेतूंची अशी सांगड पडली होती.

ब्रॉटनचा आश्रयदाता कंबरलंडचा ड्यूक हा होता. १७५० च्या एप्रिलमध्ये नॉरिचचा खाटीक जॅक स्लॅक याच्याशी झालेल्या लढतीत डोळ्यांवर आघात होऊन ब्रॉटनला दिसेनासे झाले आणि तो हरला. ड्यूकने त्याच्यावर दहा हजार पौंड लावले होते, अशी त्या काळापासून चालत आलेली समजूत आहे. आकडा अतिशयोक्त असू शकेल. परंतु ड्यूकची कृपा संपली आणि ब्रॉटनची रंगभूमी बंद पडली, ही गोष्ट निश्चित आहे. डोळे योद्ध्याचे गेले आणि पैसा आश्रयदात्याचा गेला. या दोन हानींपैकी कोणत्या हानीने मुष्टियुद्धाचे भवितव्य ठरले, हे सांगावयास नकोच.

पणाची ही सत्ता एका व्यक्तीच्या चरित्रात विशेष स्पष्टपणे दिसते. जॉन गली हा १८०५ मध्ये कर्जापायी तुरुंगात होता. मुष्टियुद्धाच्या धनिक आश्रयदात्यांनी त्याचे कर्ज फेडून त्याला सोडविले आणि त्याच वर्षी तत्कालीन विजेता हेन्री पीअर्स याच्याशी त्याची झुंज लावली. गली हरला, पण त्याचे नाव झाले. पुढे त्याने मुष्टियुद्ध सोडले, घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेण्याचा धंदा आरंभिला, अमाप पैसा मिळविला आणि १८३२ मध्ये तो पाँटिफ्रॅक्टचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात निवडून आला. त्याच्या मालकीच्या घोड्यांनी १८४६ व १८५४ या वर्षी डर्बी जिंकली. या चरित्राकडे पराक्रमाची कथा म्हणून पाहण्याची रीत आहे. परंतु त्यातील एक प्रश्न आपल्या विषयाच्या गाभ्याशी भिडतो. कर्जाच्या तुरुंगातून बाहेर पडण्याची अट म्हणून ज्याने झुंज पत्करली, त्याची संमती कितपत मोकळी होती? गली श्रीमंत झाला तो मार खाऊन नव्हे. मार खाणाऱ्यांच्या रांगेतून निघून तो पैजा घेणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला, तेव्हा त्याला लक्ष्मी प्रसन्न झाली.

३

विल्यम फेल्प्स हा योद्धा १८३८ मध्ये झुंजीनंतर मरण पावला, तेव्हा ब्रॉटनचे नियम बदलून ‘लंडन प्राइझ रिंग’चे नवे नियम करण्यात आले. १८५३ मध्ये त्यांची सुधारणा झाली. या सुधारित नियमांत पैजांचा विचार अधिक तपशिलाने केलेला आहे. न्यायाधिकाऱ्यांचा हस्तक्षेप झाला किंवा अंधार पडला तर मुख्य पंचाने नवी वेळ व जागा सांगावी. झुंज त्याच आठवड्यात पुन्हा झाली तर पैजा कायम राहाव्यात, नाहीतर त्या रद्द समजाव्यात. पणाची रक्कम प्रामाणिक निकाल लागेपर्यंत पणधारकापाशी राहावी. कायद्याने निषिद्ध असलेल्या झुंजीची ही नियमावली कायद्याच्या हस्तक्षेपास पावसापाण्यासारखी एक अडचण समजते आणि त्या अडचणीत पैजांचे काय करावे हे नेमके ठरवून देते.

१८६० च्या एप्रिलमध्ये फार्नबरो येथे इंग्लंडचा टॉम सेयर्स आणि अमेरिकेचा जॉन हीनन यांची झुंज झाली. दोन तासांहून अधिक काळ चाललेली ही झुंज अखेर गोंधळात अनिर्णित राहिली. प्रेक्षकांना नेण्यासाठी लंडनहून खास आगगाड्या सोडण्यात आल्या होत्या. या झुंजीनंतर वृत्तपत्रांतून व पार्लमेंटात पुष्कळ चर्चा झाली. पुढे १८६८ च्या रेल्वे-नियमन कायद्यात एक कलम घालण्यात आले : पैजेच्या मुष्टियुद्धासाठी जाणूनबुजून खास गाडी देणाऱ्या रेल्वे कंपनीस दोनशे ते पाचशे पौंड दंड व्हावा. हे कलम किरकोळ वाटले तरी त्याचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. न ठोसा मारणारा, न पैज लावणारा, पण दोहोंच्या उत्सुकतेवर नफा मिळविणारा जो तिसरा पक्ष, त्याला कायद्याने येथे प्रथमच स्पष्टपणे हात घातला. तथापि हेतू योद्ध्याचे रक्षण हा नव्हता. जमाव आणि त्यापासून होणारा शांतताभंग टाळणे हा होता.

हाच दृष्टिकोन १८८२ च्या कोनी खटल्यात दिसतो. अॅस्कॉटजवळ १८८१ मध्ये झालेल्या एका झुंजीस उपस्थित राहिल्याबद्दल काही प्रेक्षकांवर खटला झाला. अकरा न्यायाधीशांपुढे प्रश्न असा होता की, केवळ उपस्थिती म्हणजे गुन्ह्यास साहाय्य काय? आठ विरुद्ध तीन अशा बहुमताने उत्तर नकारार्थी आले. परंतु पैजेची मुष्टियुद्धे बेकायदेशीर असून योद्ध्यांच्या परस्पर संमतीने ती कायदेशीर ठरत नाहीत, याविषयी अकराही न्यायाधीशांचे एकमत होते. न्यायमूर्ती केव्ह यांनी या संदर्भात असा भेद केला की, इजा होण्याचा संभव किंवा उद्देश नसलेला, खेळातील ठोसा हा हल्ला नव्हे. इजा करण्याच्या संभवाने मारलेला ठोसा मात्र संमती असूनही हल्लाच होय.

या भेदाने मुष्टियुद्धास एक वाट मोकळी झाली. क्वीन्सबेरीचे नियम १८६७ मध्येच प्रसिद्ध झाले होते. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती, दहा अंकांची मोजणी आणि कुस्तीच्या पकडींना बंदी ही त्यांची वैशिष्ट्ये. पैजांचा निर्देश त्यांत उरला नाही. पण आणि पाठीराखे मात्र राहिले, कारण बाह्य हस्तक्षेपाने सामना थांबल्यास दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांच्या संमतीने पणाची रक्कम परत घेता येईल, असे एक वाक्य या नियमांतही आहे. पुढे गुणांवर निकाल देण्याची पद्धत रूढ झाली आणि ‘ही इजा करण्याची झुंज नव्हे, हे कौशल्याचे प्रदर्शन होय’ असा युक्तिवाद करता येऊ लागला. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबमध्ये फेरी चालू असता प्रेक्षकांनी शांत राहावे असा दंडक होता. याच क्लबात १९०१ मध्ये एका योद्ध्याचा मृत्यू झाला. ज्यूरीने आरोपींस निर्दोष ठरविले.

हे परिवर्तन नैतिक प्रगती म्हणून सांगितले जाते. ते काही अंशी खरेही आहे. परंतु हातमोज्याने मारणाऱ्याची मूठ जितकी वाचते तितका मार खाणाऱ्याचा मेंदू वाचत नाही. उघडी मूठ कवटीवर आदळली तर मोडते, म्हणून जुना योद्धा डोक्यावर जपून मारीत असे. मोजा आल्यावर ते भय राहिले नाही. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड याने १९२८ मध्ये मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूविकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये ए. एच. रॉबर्ट्स याने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २२४ निवृत्त व्यावसायिक योद्ध्यांपैकी सुमारे सतरा टक्क्यांमध्ये मज्जासंस्थेच्या हानीची लक्षणे आढळली. कायद्याच्या नजरेला रक्त दिसत होते आणि ते कमी झाले. मेंदूची हानी तिला दिसत नव्हती आणि ती चालू राहिली.

४

आता जुगाराकडे वळू. १८४५ च्या गेमिंग अॅक्टने पैजेचा करार न्यायालयात अंमलबजावणीस अपात्र ठरविला. पैज लावणे हा गुन्हा नव्हता. परंतु तिच्या वसुलीस न्यायालय साहाय्य करणार नव्हते. स्मृतिकारांच्या सभिकाचे जे कर्तव्य, म्हणजे जिंकणाऱ्यास त्याचे धन मिळवून देणे, त्यातून इंग्लंडच्या राजसत्तेने अंग काढून घेतले. यानंतर गावोगाव रोख पैजा घेणारी दुकाने निघाली, आणि त्यांच्या बंदोबस्तासाठी १८५३ चा बेटिंग अॅक्ट झाला. लोकांनी प्रत्यक्ष येऊन पैजा लावाव्या यासाठी घर, कचेरी किंवा जागा चालविणे त्याने निषिद्ध केले. विधेयक मांडणाऱ्या अॅटर्नी जनरल कॉकबर्न यांनी घोड्यांच्या शर्यतीशी निगडित अशा टॅटरसॉल येथील प्रतिष्ठित पैजांस धक्का लावण्याचा हेतू नसल्याचे स्पष्ट केले होते. ज्याची पत होती तो उधारीवर, पत्राने वा तारेने पैज लावू शके. ज्याच्या खिशात केवळ आठवड्याच्या मजुरीतील शिलिंग होता, त्याची पैज रस्त्यावर आली. तेथेही १९०६ च्या स्ट्रीट बेटिंग अॅक्टने तिचा पाठलाग केला. शर्यतीचे मैदान मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले.

मुष्टियुद्धाच्या आणि जुगाराच्या कायद्यांचा हा काल समांतर आहे. मैदानावर, गर्दीत, मोकळ्या मुठीने झालेली झुंज गुन्हा. क्लबात, शांततेत, हातमोजे घालून झालेली झुंज खेळ. रस्त्यावर रोखीने लावलेली पैज गुन्हा. मैदानाच्या आत किंवा उधारीच्या खात्यावर लावलेली पैज व्यवहार. दोन्ही ठिकाणी कृत्य बदललेले नाही, कृत्याचे स्थान आणि कर्त्याची प्रतिष्ठा बदललेली आहे. नीतीच्या भाषेत सांगितलेले हे निर्णय वस्तुतः सार्वजनिक शिष्टाचाराचे निर्णय होते. आपल्याकडेही याहून फार निराळे नव्हते : द्यूत एकाच ठिकाणी, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली चालवावे, कारण त्यामुळे चोर ओळखता येतात, असे याज्ञवल्क्याने दिलेले कारणही राज्यव्यवस्थेचेच आहे.

५

१९६० हे वर्ष या इतिहासात संधिकालाचे आहे. त्या वर्षी बेटिंग अँड गेमिंग अॅक्ट संमत झाला आणि १९६१ च्या मे महिन्यापासून पैजांची दुकाने परवाना घेऊन उघडपणे सुरू झाली. विलिंक यांच्या अध्यक्षतेखालील राजकीय आयोगाने १९५१ मध्येच असे मत दिले होते की, बहुसंख्य लोकांचा मर्यादित जुगार ही गंभीर सामाजिक आपत्ती नव्हे आणि कायद्याने त्यात कमीत कमी ढवळाढवळ करावी. त्याच सुमारास डॉ. एडिथ समरस्किल या मुष्टियुद्धाविरुद्ध चळवळ करीत होत्या. त्यांचे ‘द इग्नोबल आर्ट’ हे पुस्तक १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. नफ्यासाठी भरविल्या जाणाऱ्या मुष्टियुद्धांवर बंदी घालण्याचा त्यांचा प्रयत्न लोकसभागृहात आणि नंतर १९६२ मध्ये उमरावांच्या सभागृहात अयशस्वी झाला. त्यांचा रोख कोणावर होता हे पाहिले पाहिजे. हौशी तरुणाच्या मुठीपेक्षा तिच्यावर नफा मिळविणाऱ्या व्यवस्थेवर त्यांनी बोट ठेवले होते. एकाच दशकात इंग्लंडने जुगाराच्या सभिकास परवाना दिला आणि मुष्टियुद्धाच्या सभिकास अभय दिले.

या दोन सभिकांचे हितसंबंध एकत्र आले म्हणजे काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण याच काळातील अमेरिकेत मिळते. सिनेटर केफॉव्हर यांच्या उपसमितीपुढे १९६० मध्ये साक्ष देताना जेक लामोटा याने मान्य केले की, १९४७ मध्ये बिली फॉक्स याच्याशी झालेला सामना त्याने मुद्दाम हरला होता. अजिंक्यपदासाठी लढण्याची संधी मिळावी ही त्यामागची त्याची अपेक्षा होती. ती संधी त्याला १९४९ मध्ये मिळाली आणि तो विजेता झाला. येथे योद्ध्याने दोनदा संमती दिली : एकदा मार खाण्यास आणि एकदा हरण्यास. दुसरी संमती दिल्याशिवाय पहिलीचे फळ मिळेना, अशी स्थिती पैजांच्या व्यापाराने निर्माण केली होती. ब्रॉटनच्या सहाव्या नियमाला ज्या संगनमताची धास्ती होती, ते येथे खुद्द पैजांच्याच बाजूने करविण्यात आले होते.

६

येथवरच्या विवेचनानंतर आरंभीच्या वादाकडे परत जाता येईल. मुष्टियुद्ध आणि जुगाराचा धंदा यांची तुलना केवळ ‘हानी’ या कसोटीवर केली, तर मुष्टियुद्ध अधिक दोषी ठरते. जुगाऱ्याचे नुकसान हा त्याच्या खेळाचा परिणाम असतो. प्रतिपक्ष्याची इजा हा मुष्टियुद्धाचा प्रत्यक्ष मार्ग असतो. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९३ मध्ये ब्राउन खटल्याचा निर्णय दिला, तेव्हा लॉर्ड मस्टिल यांनी प्रांजळपणे असे सुचविले की, मुष्टियुद्धाला मिळालेली सूट कोणत्याही सुसंगत तत्त्वावर आधारलेली नसून समाजाने ते सहन करावयाचे ठरविले आहे, इतकेच तिचे कारण आहे.

परंतु ‘समता’ ही कसोटी लावली तर निर्णय उलटतो. वजनाचे गट, मोजलेला काळ, सारखे हातमोजे, तिऱ्हाईत पंच ही मुष्टियुद्धाची सर्व यंत्रणा दोन प्रतिपक्ष्यांची साधने समान करण्यासाठी आहे. जुगाराच्या धंद्याची रचना नेमकी याच्या उलट असते. युरोपीय पद्धतीच्या रुलेटच्या चक्रावर ३७ घरे असतात. एका घरावर लावलेल्या पैशाला जिंकल्यास पस्तीसपट मिळते. घरे सदतीस आणि परतावा मूळ रकमेसह छत्तीसपट, या फरकामुळे लावलेल्या दर शंभर पौंडांतील सुमारे २.७ पौंड दीर्घकाळात चालकाकडे जातात. यात फसवणूक नाही. सर्व काही उघड आहे. पण खेळणाऱ्याचा प्रतिपक्षी त्याच्या वजनगटातला नाही. ब्रिटनमधील पैजांच्या दुकानांतील यंत्रांवर एका डावाची कमाल रक्कम शंभर पौंड होती. ती २०१९ मध्ये दोन पौंड करण्यात आली. डाव वीस सेकंदांत संपत असे. मुष्टियुद्धात तीन मिनिटांनी विश्रांती असते; येथे ती नव्हती.

तेव्हा मुष्टियुद्ध हे न्याय्य पण घातक आणि जुगाराचा धंदा हा अहिंसक पण विषम, असे म्हणावे लागते. या दोहोंस तारून नेणारी कल्पना एकच : खेळणाऱ्याची संमती. आणि हा सर्व इतिहास या कल्पनेचीच कसोटी पाहतो. गलीची संमती कर्जाच्या तुरुंगात घेतली गेली, लामोटाची संधीच्या आमिषाने. रुलेटपुढे बसलेल्याची संमती पहिल्या डावास असते. पन्नासाव्या डावाच्या वेळी ती कितपत त्याची स्वतःची असते, हा प्रश्न आहे. संमती खोटी असते असे माझे म्हणणे नाही. प्रौढ मनुष्यास आपल्या शरीराविषयी व धनाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार नाही, असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. पण एकाची संमती ही दुसऱ्याच्या नफ्याचे समर्थन म्हणून पुढे केली जाते, तेव्हा त्या दुसऱ्यावर काय कर्तव्य येते, हे विचारणे अवश्य आहे.

या कर्तव्याचा विचार इंग्लंडच्या न्यायालयांनी अलीकडे केला आहे, आणि दोन खटले शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. मायकेल वॉटसन या योद्ध्यास १९९१ मध्ये लंडनमधील एका सामन्यात मेंदूची गंभीर दुखापत झाली. रिंगणाजवळ तातडीच्या वैद्यकीय उपचारांची पुरेशी व्यवस्था नव्हती. जोखीम त्याने स्वतः पत्करली होती, हे उघड असूनही अपील न्यायालयाने २००० मध्ये ठरविले की, नियम करणाऱ्या मंडळावर योद्ध्याच्या काळजीची जबाबदारी होती आणि तिच्यात कसूर झाली. दुसरा खटला कॅल्व्हर्ट नावाच्या ग्रेहाउंड-प्रशिक्षकाचा. आपले खाते बंद ठेवावे अशी विनंती त्याने एका सट्टा-कंपनीस केली होती. ती पाळली गेली नाही आणि त्याने वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम गमावली. कंपनीने आपले आश्वासन पाळावयास हवे होते, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु त्याने अन्यत्र खेळूनही आपला नाश करून घेतलाच असता, या कारणास्तव २००८ मध्ये त्याचा दावा फेटाळला गेला आणि अपिलातही तोच निर्णय कायम झाला. योद्ध्याच्या बाबतीत त्याची संमती संयोजकाची ढाल होऊ शकली नाही. जुगाऱ्याच्या बाबतीत त्याची दुर्बलताच चालकाची ढाल झाली. दरम्यान २००५ च्या गॅम्बलिंग अॅक्टने पैजेचे करार पुन्हा न्यायालयात अंमलबजावणीयोग्य केले होते. १८४५ मध्ये राजसत्तेने जो हात काढून घेतला होता, तो सभिकाच्या मदतीस परत आला.

७

हा विषय आपल्या दृष्टीने दूरचा नाही, कारण आपले कायदे बऱ्याच अंशी याच परंपरेतून आले. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ८७ व्या कलमाने अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीने झालेली, मृत्यू वा भारी दुखापत करण्याचा उद्देश अगर जाणीव नसलेली इजा गुन्ह्यातून वगळली होती, आणि उदाहरण दिले होते ते करमणुकीसाठी केलेल्या तलवारीच्या हातांचे. २०२४ मध्ये अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हे तत्त्व कायम आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात जुगार हा घटनेने संरक्षित असा व्यापारच नव्हे, असे ठरविले. तथापि केरळने १९६७ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःच्या लॉटऱ्या काढल्या. राजभाग घेणारा राजा पुढे स्वतःच सभिक झाला.

कौशल्य आणि योगायोग हा भेद आपल्या न्यायालयांनी दीर्घकाळ प्रमाण मानला. वर पाहिलेल्या इतिहासावरून हा भेद अपुरा वाटतो. मुष्टियुद्ध पूर्णपणे कौशल्याचे असूनही घातक आहे. सोडत पूर्णपणे योगायोगाची असूनही, तिकीट स्वस्त असेल तर फारशी घातक नाही. संसदेने २०२५ मध्ये पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, त्यात हा भेद बाजूस ठेवलेला असून शिक्षेचा रोख खेळणाऱ्यावर नव्हे, तर खेळ चालविणाऱ्यावर, त्याची जाहिरात करणाऱ्यावर आणि पैशाची ने-आण करणाऱ्यावर आहे. संपूर्ण बंदी हा योग्य उपाय आहे की नाही, याविषयी मतभेद होऊ शकेल. १८५३ नंतरचा इंग्लंडचा अनुभव बंदीविषयी फारसा आशादायक नाही. पण प्रश्न योग्य व्यक्तीस विचारला गेला आहे, एवढे मान्य करावे लागेल.

मुष्टियुद्ध बरे की जुगार बरा, या प्रश्नास इतिहास सरळ उत्तर देत नाही. डाव पडल्यावर जो नेहमीच उभा राहतो, ज्याच्या अंगावर ठोसा बसत नाही आणि ज्याच्या गाठीचा पैसा जात नाही, त्याच्याकडून आपण काय मागितले आहे, हे विचारावयास तो लावतो. याज्ञवल्क्याने आपल्या सभिकाच्या वाट्याबरोबरच त्याची कर्तव्येही लिहून ठेवली होती. ब्रॉटनपासून आजपर्यंतच्या सभिकांनी वाटा घेतला; त्यांच्या कर्तव्यांची यादी अद्याप अपुरी आहे.